पेल्यात उरलेलं पाणी

अण्णाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आबिड्सच्या पोस्टात रांगेत होते. रांग सोडावी की नंबर येऊ द्यावा, हेच कळेना… शेवटी रजिस्ट्री करूनच बाहेर पडले. अजून स्वतःचा राग येतो.

काका माझे सख्खे चुलते. वकिली थांबवल्यावर, मुलानं अमेरिकेच्या वाळवंटातून आणलेलं बी त्यांनी बरकतपुऱ्याच्या व्हरांड्यात कुंडीत लावलं. सॅग्वारो, म्हणजे झाडाएवढं वाढणारं निवडुंग. वीस वर्षांत झालं जेमतेम हातभर. खांबासारखं सरळ, अंगभर उभ्या चुण्या, चुण्यांवर काटे. दर पाडव्याला काका मागच्या भिंतीवर त्याच्या उंचीची पेन्सिलनं रेघ मारत. "याला फांद्या कधी फुटणार, काका?" मी चिडवायचे. "साठ-सत्तर वर्षांनी. हौ, घाई काय आहे?" पाणी महिन्यातून एकदा, चहाच्या कपानं, तेही स्वतःच्या हातानं. काकू तांब्या घेऊन जवळ गेली की ओरडायचे, "नक्को! लाडानं मरतं ते."

ते गेल्यावर तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. भेटायला येणाऱ्याला पाणी द्यायचं आणि पेल्यात उरलेलं मोरीत न ओतता कुंडीत टाकायचं, ही आमच्या घरची टँकरच्या दिवसांपासूनची शिस्त. अडवणार कोण? अडवणाराच गेला होता. मीही ओतलं, आठ-दहा पेले तरी. तेराव्याला पाहिलं तर चुण्या पेटीच्या भात्यासारख्या फुललेल्या, झाड कसं तुकतुकीत! काकू किती दिवसांनी हसली. "बघ गं, गेले तरी वाढवतायत त्याला."

परवा पाडव्याला तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. तिला गुडघ्यांमुळे वाकवत नाही. मी वाकले, काटे चुकवून बुडाशी बोट टेकवलं, तर ते पिकल्या पपईत जावं तसं आत गेलं. शेंडा मात्र हिरवा, ताठ. म्हणजे जिवंत आहे की मेलंय? वरचा भाग कापून, सुकवून लावला तर जगतो म्हणे. पण काकूसमोर सुरी कशी चालवू? काकांनाच विचारावं, असं मनात आलं, आणि मग…

"वाढलं का गं?" काकूनं खुर्चीतून विचारलं.

शेंडा खरंच मागच्या रेघेच्या बोटभर वर होता. एका वर्षात इतकं कधीच वाढलं नव्हतं. "हो काकू," म्हटलं आणि रेघ मारली.

ती खुलली. हातातला पेला अर्धा प्यायली, उरलेला माझ्यापुढे धरला. "घाल त्याला."

"नक्को!" मी ओरडले. इतक्या जोरात, की काकू दचकून व्हरांड्याच्या दाराकडे बघत राहिली.