सुईताईची पाठ

सगळं हॉस्पिटल तिला सुईताई म्हणतं. लघवीचा त्रास असलेल्यांच्या तिथल्या नसा शाबूत आहेत की नाहीत, हे ती बारीक सुया लावून मशीनवर तपासते. नवरा शिंपी. "आमचं घर सुईवरच चालतं," असं म्हणून ती हसते आणि हसता हसता सुई टोचून मोकळी होते.

मी तीस वर्षं बस चालवली. मणक्याच्या ऑपरेशननंतर लघवी अडली. तीन महिने नळी आणि पायाला बांधलेली पिशवी. डॉक्टर म्हणाले होते, नस गेली असेल तर नळी जन्माची. मी बायकोवर, पोरींवर, त्या पिशवीवरही खेकसत होतो. त्या दिवशी बाहेर बाकावर सात पेशंट ताटकळत होते आणि मी सुईताईवरही खेकसलो. तिने नळीतून सोडायचं पाणी कोमट करून आणलं.

सुया लावून झाल्यावर पाणी हळूहळू मूत्राशयात भरू लागलं.

"काका, लागल्यासारखं जाणवलं की सांगा हं."

"काही नाही."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.

"चालेल अजून."

तिसऱ्यांदाही मी नाहीच म्हणालो. तिचा चेहरा उतरला. लिहायला पेन उचललं, तेवढ्यात तिची नजर माझ्या पायांकडे गेली.

"काका, ब्रेक कशाला दाबताय?"

खरंच की! माझा उजवा पाय पलंगाच्या दांडीवर करकचून दाबलेला होता. पुढच्या थांब्यापर्यंत कळ काढायची, गाडीभर माणसं खोळंबवायची नाहीत, ही जुनी खोड. शिवाय मला वाटलं, जितकं धरून ठेवीन तितकी नस भक्कम ठरेल.

"लागलीय ना?"

"केव्हाची!"

"अहो, मग बोला की! मी नस गेली म्हणून लिहिणार होते."

तिने सुया आणि नळी काढून मला भांड्याच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड केलं. काही केल्या होईना. मग ती भिंतीलाच सांगू लागली, नवऱ्याने एकदा पॅंटचे दोन्ही पाय एकमेकांना कसे शिवून टाकले ते. मला हसू फुटलं आणि खाली भांड्यात आवाज झाला.

मी घळाघळा रडलो. लाज नाही वाटली. माझ्या पोरींपेक्षाही ती मला जवळची वाटली तेव्हा.

तिने वळून पाहिलं नाही.

"सावकाश होऊ द्या, काका," ती म्हणाली. "मागे कुणी खोळंबलेलं नाही."