पावण्यांना काम सांगायचं नाही

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात एका वाडीवर डोंगर घसरला आणि वाचलेली माणसं आमच्या अवसरीच्या शाळेत आणली गेली. त्यांच्या जेवणाचं मी अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे काय, दुसऱ्या कुणाच्या हातात पळी दिली की मला चैन पडत नाही.

आम्ही काही कमी पडू दिलं नाही. शिरा, पुऱ्या, मसालेभात. कुणी बाई झाडू उचलायला आली की मी तो हातातून काढून घ्यायचे. "पावणं तुमी, बसा निवांत!" तरी तिसऱ्या दिवशी निम्मी ताटं तशीच परत आली. मला रागच आला. एवढं राबायचं आणि यांची तोंडं वाकडी!

त्याच दुपारी एक म्हातारी गाठोडं बांधताना दिसली. शेजारी दिवस भरलेली सून. वर वाडीत त्यांच्या घराची एकच भिंत उभी होती आणि तिच्या माथ्यावर डोंगराला भेग पडलेली. "तिकडं मरायला जाता का?" मी ओरडलेच.

ती शांतपणे म्हणाली, "बाई, आमच्याकडं पडकई असती. आज आमी तुमच्या भातलावनीला, उद्या तुमी आमच्या. राबल्याबिगर कुनाच्या ताटावर बसायची सवय न्हाई. तीन दिस नुसतं खातोय. घास उतरत न्हाई."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी पिठाची परात तिच्यापुढे सरकवली. "मग थापा भाकरी."

तिनं पीठ चिमटीत धरून बघितलं. "लई जाड दळलंय," म्हणाली आणि मांडी घालून बसली. बाकीच्या बायाही उठल्या. कुणी चूल पेटवली, कुणी पाणी आणलं. गडीमाणसं शाळेचं गळकं छप्पर बघायला वर चढली. मला माझ्याच चुलीपाशी उभं राहायला जागा उरली नाही, आणि खरं सांगते, ते थोडं जड गेलं.

त्या दिवशी आम्ही सगळे एका पंगतीला बसलो. चार घास पोटात गेल्यावर म्हातारी माझ्याकडे झुकली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं काही मागितलं.

"सुनंच्या पोटात कालपासनं दुखतंय. दवाखान्यात न्ह्याल का?"

कालपासून! आणि ती पोर तशीच डोंगर चढायला निघाली होती. मी ताट टाकून जीप बघायला पळाले. मंचरला पोचल्यावर घटकाभरात तिला मुलगी झाली.