देवमोगऱ्याची नवी टोपली

कामरेज मागे पडलं तरी आमचे हे एक शब्दही बोलले नव्हते. सुरतहून पहाटेची एस.टी. धरली, खिडकीची जागा मुद्दाम त्यांना दिली, चहा पाजला. पण छे! सहा महिन्यांपूर्वी कतारगामातला त्यांचा लूमचा (यंत्रमागाचा) कारखाना बंद पडला, तेव्हापासून हे असंच. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढली, आणि आता काहीही विचारा, 'हं' नाहीतर 'नको'. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. शेवटी मीच सातपुड्यातल्या देवमोगरा मातेला नवस बोलून बसले, "आई, ह्यांना बोलतं कर, नवी ज्वारी घेऊन तुझ्या डोंगरावर येते." ते बोलेपर्यंत थांबायचा धीर मला कुठला? आधीच निघाले.

नेत्रंग सोडल्यावर सातपुडा सुरू झाला. दोन्ही बाजूंना साग, मधेच बांबूच्या कुडाची कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेली तूर. हे सगळे डोंगर इथल्या वसावा-भिल्ल लोकांना देवाचे. सागबाऱ्याला उतरून आम्ही ज्वारीचा रोटलो (भाकरी) आणि उडदाची डाळ खाल्ली. इतकी चविष्ट डाळ मी सुरतेत खाल्लेली नाही. ह्यांनी दोन रोटले संपवले, तेही मुकाट्यानं.

पुढे जीप. शेजारी एक वसावा बाई मांडीवर झाकलेली टोपली घेऊन बसली होती. माझ्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघून तिनं विचारलं, "बहेन, यात काय?"

"मातेची ज्वारी."

"पिशवीत? याहाचं (आईचं) धान्य नव्या टोपलीतून नेतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईनंच जीप थांबवून आम्हाला डोंगराखालच्या कोटवाळिया वस्तीवर उतरवलं. कोटवाळिया म्हणजे बांबूकाम करून पोट भरणारी इथली छोटीशी आदिवासी जमात. दहा-बारा घरं, प्रत्येक दारात बांबूच्या सालपटांचा ढीग.

पहिल्याच अंगणात मंजुबेन भेटल्या. तयार टोपल्या सगळ्या बाजारात गेलेल्या, एकच अर्धवट होती. त्यांच्या अंगठ्याला कोयता लागून चिंधी बांधलेली.

"एकटीला नाही जमायचं. काका, तुम्ही धरता का?" त्यांनी विचारलं.

हे निमूट बसले. मंजुबेन सांगतील तशी पट्टी खाली-वर घालू लागले. थोड्या वेळानं एक पट्टी कडकन तुटली. आणि ह्यांनी काय करावं? लूमवर सुताची तार तुटली की मारतात तशी झटकन गाठ मारायला गेले! पट्टी आणखी चिरली.

मंजुबेन पोट धरधरून हसल्या. "काका, आ कापड नथी, वांस छे!" (काका, हे कापड नाही, बांबू आहे!)

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार.

"मन्ही गाठ पक्कीच शे," हे ताडकन आमच्या घरच्या बोलीत म्हणाले. "तुमनी पट्टीच कच्ची शे!" (माझी गाठ पक्कीच आहे, तुमची पट्टीच कच्ची आहे!)

अगं बाई! मग जी जुंपली दोघांची! मंजुबेन म्हणाल्या, तुटलेल्या पट्टीवर नवी पट्टी नुसती सरकवायची. हे म्हणाले, मग ती सुटेल. करून बघितली, सुटली नाही. मग ओला बांबू कुठला, वाळवायचा किती, ह्यांचे प्रश्नावर प्रश्न. मी अंगणातल्या चुलीजवळ बसून पदरानं डोळे पुसत होते. कुणी भांडतंय म्हणून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

टोपली झाली, पण एका बाजूला कलली होती. तिच्यातच ज्वारी भरून, डोक्यावर घेऊन मी तासभर चढ चढले. देवळातल्या बायका टोपलीकडे बघून हसल्या, तर हे प्रत्येकीला थांबवून ती का कलली ते समजावून सांगत होते. पुजाऱ्यानं धान्य उतरवून घेतलं. मी हात जोडले, पण मागायचं काही उरलंच नव्हतं. नुसतीच उभी राहिले.

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "येत्या गुरुवारी पुन्हा तिकडे जातोय. मंजुबेन टोपलीचा काठ बांधायला शिकवणार आहेत."

"आणि मी?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. ह्यांचं बोलणं पुन्हा गेलं की काय?

"तू बी चाल ना," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "नहीं तं दिनभर मी कोनासंगे बोलू?"