तीन ते पाचची परवानगी

श्रद्धेचे अनुभव सांगणारी माणसं निदान लिहिताना तरी शांत असतात. मी त्या दिवशी शांत नव्हतो, हे आधीच कबूल करतो. सकाळी सात वाजता जळगावात ट्रकमध्ये मूर्ती चढवली तेव्हा मनात श्रद्धा कमी आणि राग जास्त होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी नशिराबादला राहून केळीची वाहतूक करत असे. माझं मूळ गाव नरडाण्याच्या बाजूला, आडवाटेवर. तिथल्या आमच्या बौद्ध वस्तीनं चार वर्षं खपून छोटासा विहार बांधला होता आणि बुद्धाची मूर्ती जळगावच्या एका कारागिराकडे घडवायला दिली होती. गावातल्या काही मंडळींचं म्हणणं असं की मूर्ती आणा, आमची ना नाही, पण गावाबाहेरच्या वरच्या रस्त्यानं आणा. मुख्य गल्लीतून नको. वस्तीतले सर्वांत वडील, माझे चुलत आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत. ते तालुक्याच्या कचेरीत सहा महिने खेटे घालून मुख्य गल्लीचीच परवानगी घेऊन आले. कागदावर तारीख होती आणि वेळ होती दुपारी तीन ते पाच. पाच वाजून गेले की तो कागद संपला. मग पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. आबांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

गावाकडचे दोन ट्रकवाले आधी हो म्हणाले होते. शेवटच्या आठवड्यात एकाची गाडी दुरुस्तीला गेली आणि दुसऱ्याच्या घरी अचानक लग्न निघालं. त्यांना कुणी काय सांगितलं असेल ते मला समजत होतं. मी आबांना निरोप धाडला की कुणाच्या विनवण्या करायच्या नाहीत, माझी गाडी आहे. माझी गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातला पेट्रोल इंजिनाचा म्हातारा ट्रक. बाकीच्यांनी अशा गाड्यांत केव्हाच डिझेल इंजिनं बसवून घेतली होती. मी बसवलं नाही, कारण ते इंजिन मीच उघडत होतो आणि मीच जोडत होतो. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला मला खपत नसे. लोक त्याला हट्ट म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

आबा आदल्या दिवशीच जळगावला आले होते. ते केबिनमध्ये बसायला तयार झाले नाहीत. मागे कडब्याच्या पेंढ्यांत मूर्ती नीट बसवली आणि तिच्या शेजारी, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, ते मांडी घालून बसले. धरणगाव सोडलं आणि पेट्रोलचा वास यायला लागला. मागे काळा धूर, इंजिन मध्येच गुदमरल्यासारखं. मला वाटलं चोक अडकला असेल. उतरून पाहिलं, चोक मोकळा होता. कसाबसा अमळनेरपर्यंत आलो, पुढेही पाच-सात मैल रेटलं, आणि एका बाजारगावच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. साडेअकरा वाजले होते. आठवडी बाजार भरलेला होता आणि ऊन तापायला लागलं होतं.

बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून खाली इंजिनावर ठिबकत होतं. प्लग काढले, सगळे ओले. पुसले, वाळवले, पुन्हा लावले, ॲक्सिलेटर तळाशी दाबून सेल्फ मारला. इंजिन खोकत सुरू झालं आणि मिनिटभरात पुन्हा बुडालं. आता कार्बोरेटरच उघडला. त्यात पेट्रोल साठायची एक वाटी असते. वाटीत पितळेची पोकळ डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की डबी वर उचलली जाते, ती वरच्या सुईला ढकलते आणि सुई पेट्रोल बंद करते. पेट्रोल थांबत नाही म्हणजे सुईखाली कचरा, असं मी धरून चाललो. सुई साफ केली, भोकातून फुंकर मारली, जोडलं. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा उघडलं, पुन्हा तीच सुई, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही मी सुईच साफ करत होतो. बॅटरी उतरत चालली होती आणि माझी बोटं पेट्रोलनं पांढरी पडली होती.

एक टेम्पोवाला थांबला. चांगला माणूस वाटला. म्हणाला, "ओढून नेऊ का पुढच्या गावापर्यंत? माल काय आहे?" मी सांगितलं, बुद्धमूर्ती. तो "बरं, बरं" म्हणाला, घड्याळ पाहिलं आणि निघून गेला. त्याला खरंच उशीर झाला असेल. पण मी उरलेला सगळा राग त्याच्या धुळीवर काढला आणि पुन्हा पाना उचलला.

आबा मागून हळूहळू खाली उतरले. म्हणाले, "बठ जरासा."

"आबा, बठाले वेळ नही."

ते तिथेच चाकाला टेकून बसले आणि हात जोडून त्रिशरण म्हणायला लागले, अगदी घरात बसल्यासारखे. माझा तोल गेला. आयुष्यात त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. "त्रिशरण म्हनीसन पेट्रोल थांबस का?"

त्यांनी डोळे उघडले. "नही थांबत," ते म्हणाले. "पन तुना हात थरथरी ऱ्हायना. तो थांबी."

मी पाहिलं. हात खरोखरच थरथरत होते. सुईचा स्क्रू धरायला मला दोन हात लागत होते.

इथे मनातली एक गोष्ट सांगायला हवी. मी वंदनेला लहानपणापासून उभा राहत असे, पण शरण हा शब्द आला की माझे ओठ नुसते हलत, आवाज निघत नसे. आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या वाकण्यातच जन्म घालवला. आता कुठे पाठ सरळ झाली, तर पहिलाच शब्द शरण कसा, असं मला वाटे. आबांना हे कधी बोललो नव्हतो. त्यांना ते ठाऊक असावं. मी पाना खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. काहीही म्हटलं नाही. मूर्ती वेळेत पोचू दे, असं मागणंही मनात आणलं नाही, कारण ज्याच्यासाठी ही धडपड चालली होती त्यानं कधी कुणाला असं काही द्यायचं कबूल केलेलं नाही. नुसता श्वास पाहत राहिलो. पाच मिनिटं असतील, दहा असतील. इतका वेळ जो बाजार मला ऐकूच आला नव्हता तो ऐकू यायला लागला. मिरचीवाल्यांची ओरड, शेळ्या, आणि कुठेतरी जवळच कोळशाच्या शेगडीला मारलेला भाता.

तेवढ्यात समोर एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या आसपासची, नऊवारीचा काष्टा, हात काळे. दहा पावलांवर कापड बांधून तिचं दुकान होतं. स्टोव्ह दुरुस्त करायची, गळक्या डब्यांना आणि घासलेटच्या टाक्यांना डाग द्यायची. तिनं बॉनेटकडे बोट दाखवलं. मी तिसऱ्या वेळी काढलेला फ्लोट मडगार्डवर पडला होता.

"भाऊ, ती डबी भरेल शे."

"अक्का, हाई स्टोव्हनं काम नही," मी म्हटलं. माझा हेकटपणा एवढ्यात जाणार नव्हता.

"माले माहीत शे. तू ती पत्र्यावर ठेवी ना, तव्हय मी आयकं. पोकळ पितळ असं वाजस नही."

तिनं आवाज ऐकला होता. पोकळ पितळेची वस्तू पत्र्यावर ठेवली की टिण वाजते. माझा फ्लोट थप वाजला होता. तोही तिन्ही वेळा, आणि मला ऐकू आला नव्हता. मी उठलो, फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. त्याला कुठेतरी बारीक भोक पडलं होतं. पेट्रोल आत शिरून तो जड झाला होता, तरंगण्याऐवजी बुडत होता, आणि मी बिचाऱ्या सुईला दोष देत बसलो होतो. वीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस मी. लाज वाटली. मी फ्लोट तिच्या हातात दिला. दुसऱ्याच्या हातात माझ्या इंजिनाचा भाग देण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तिनं शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं आणि फ्लोट त्यात बुडवला. सांध्याजवळून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिथे तिनं खिळ्यानं खूण केली. मग भोक खाली धरून तो पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धरला, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर निघावं. मी म्हटलं, "अक्का, आते लाव ना डाग." घड्याळात एक वाजून गेला होता. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "वास शे अजून. घाई करशी तं तू बी जाशी, मी बी." वास पूर्ण जाईपर्यंत तिनं मला तसाच ताटकळत उभा ठेवला. मगच शेगडीत तापवलेला खया, म्हणजे डाग द्यायची सळई, घेतला, नवसागरावर घासला आणि एका थेंबात भोक बुजवलं. वर तो थेंब कानशीनं घासून पातळ केला. डाग जड झाला तर डबी वाकडी तरंगेल, हे कार्बोरेटर कधी न पाहिलेल्या त्या बाईला मला सांगावं लागलं नाही.

सुई, वाटी, फ्लोट सगळं जोडलं. बॅटरीत आता जीव नव्हता, म्हणून हँडल मारलं. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं. मी वाकून पाहत राहिलो. एक थेंबही गळला नाही. धूर काळ्याचा करडा झाला, मग दिसेनासा झाला. अक्कानं विचारलं, मागे काय आहे. टेम्पोवाला आठवला, तरी खरं तेच सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, चाकावर पाय देऊन वर चढली आणि कडब्यातून दिसणाऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हाऊ देव काय मागस?"

"काहीच मागत नही, अक्का."

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि उतरून दुकानावर गेली. तिथे एक गिऱ्हाईक स्टोव्ह घेऊन ताटकळत होतं.

गावात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. मुख्य गल्लीच्या तोंडाशी वस्तीतली सगळी माणसं उभी होती, बायका पांढऱ्या साड्यांत. पलीकडच्या ओट्यावर गावातले वजनदार नाना आणि त्यांच्याभोवती दहा-बाराजण. एक पोलीस शिपाई मध्ये होता. नाना खाली उतरून गाडीसमोर आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "वरला रस्ताथीन ने ना गाडी. तिकडथीन जवळ पडस."

"पडत व्हई, नाना. कागद हाई गल्लीना शे."

शिपायानं कागद मागितला. आबांनी मागून काढून दिला. शिपाई तो वाचत राहिला, नानांनी मागून घेतला, उलटून पाहिला, कुणाकडे तरी दिला, शिक्का पाहिला, पुन्हा वाचला. मला समजलं की भांडण कुणालाच करायचं नाही, फक्त वेळ जाऊ द्यायचा आहे. इंजिन सावकाश फिरत होतं. गळणारा कार्बोरेटर अशाच वेळी दगा देतो. सकाळची गाडी असती तर दोन मिनिटांत बुडाली असती, आणि उतरलेल्या बॅटरीची गाडी त्या गल्लीच्या तोंडाशीच राहिली असती. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो. हात थरथरत नव्हते. इंजिन बंद केलं नाही, हॉर्न वाजवला नाही, गाडी एक बोटही मागे घेतली नाही. नानांच्या डोळ्यांत पाहत राहिलो. वीस मिनिटं गेली. शेवटी शिपायानं कागदाची घडी केली, आबांना परत दिली आणि नानांना म्हणाला, "वेळ आहे त्यांची. जाऊ द्या." नाना बाजूला झाले. मी पहिला गिअर टाकला. माणसाच्या पावलाच्या वेगानं आम्ही ती सगळी गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चढून गेलो. ओट्यांवरची काही माणसं आत निघून गेली. एका म्हातारीनं मात्र हात जोडले.

मूर्ती विहारात बसली. सगळे रांगेत उभे राहिले आणि वंदना सुरू झाली. शरण हा शब्द आला, आणि या वेळी माझा आवाज निघाला. मोठा निघाला. शेजारच्यांनी वळून पाहिलं. जोडलेल्या हातांना अजून पेट्रोलचा वास येत होता.

ती अक्का कुठे नाहीशी वगैरे झाली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुद्दाम गेलो, तर त्याच जागी बसून एका गिऱ्हाईकाला स्टोव्हची पिन वाकडी केल्याबद्दल रागावत होती. मी तिला म्हटलं, अक्का, डाग टिकला. "टिकीच," ती म्हणाली. मी कितीतरी वेळ तिच्याजवळ पोत्यावर बसून होतो. आभारांची तिला गरज दिसली नाही.

त्या दुपारी कुणी मदत पाठवली का, असं मला विचारतात. मला माहीत नाही, आणि त्यावर मी वाद घालत नाही. एवढंच जाणतो की मी बसलो नसतो तर ऐकलं नसतं. माझा ताठा नानांसमोर कामाला आला. त्या इंजिनासमोर तो आंधळा होता. कुठे ताठ राहायचं आणि कुठे हात मोकळा सोडायचा, हे मला त्या दिवसाआधी कळत नव्हतं. शरण जाताना पाठ वाकवावी लागत नाही, एवढं आता कळतं. रोज सकाळी तो शब्द मी मोठ्यानं म्हणतो, ताठ बसून.