भिंतीवरच्या फोटोसाठी शिरगावला

नवा कॅमेरा घेतल्याची बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली, तिथेच चुकलं. अंगठे आले, फुलं आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत असताना शिरगावच्या आत्याचा फोन आला.

"मिनू, कॅमेरा घेतलास ना? मग ये इकडे. माझा भिंतीवरचा फोटो काढायचाय."

भिंतीवरचा फोटो म्हणजे हार घालायचा. माणूस गेल्यावर लावतात तो. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"सोमवारी ऑपरेशन हाय मुंबईला," आत्या बाजारातून काय आणायचं हे सांगावं तशा आवाजात सांगत होती. "हृदयाची झडप बदलणार हायत. वाचले तर बरंच हाय. नाय वाचले तर हे लोक आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतील. माझ्या जावेचा तसाच लावलाय. बिचारी भिंतीवरून चोरासारखी बघते."

"आत्या, अभद्र बोलू नकोस गं!"

"अभद्र काय त्यात? मला थोडाच बघायचाय तो रोज? तुमालाच बघायचाय."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी टाकली.

मी नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते आणि रविवारी फोटो काढते. पक्षी, देवळं, भाजीबाजार, जे सापडेल ते. जुना कॅमेरा दहा-बारा वर्षं हाताळलेला, अंधारातही बोटं बरोबर बटणावर जायची. नवा घेतला तो दुसऱ्या कंपनीचा, आरशाविना चालणारा, वजनाला निम्मा. आणि सगळं उलटं! झूमची कडी आधी ज्या बाजूला फिरायची त्याच्या नेमकी विरुद्ध फिरते. जवळ आणायला जावं तर समोरचा माणूस लांब पळतो. बॅटरी बघता बघता संपते. मेनूत शिरलं की जत्रेत हरवल्यासारखं होतं. असा, अजून हाताला न बसलेला कॅमेरा घेऊन मी आत्याचा कदाचित शेवटचा फोटो काढायला निघाले होते.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता घेतला. सकाळी लवकर निघालात तर चार-साडेचार तासांत पालघर गाठता येतं, पण मोखाड्याच्या पुढची वळणं घाई करू देत नाहीत. जव्हारला मिसळ खाल्ली, तिखट आणि स्वस्त. थंडीचे दिवस, भातं कापून झालेली, उताराच्या वावरांत नुसती खुंटं उभी. जव्हारच्या पुढे रस्त्याच्या कडेला बोचकी आणि भांडी घेऊन काही कुटुंबं गाडीची वाट बघत थांबली होती. भात झालं की वीटभट्ट्यांवर कामाला जातात. एरवी मी थांबले असते, पण त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढावासाच वाटला नाही. मनोरहून पालघरकडे वळलं की वाघोबा खिंड लागते. तिथे गाडीवाले वेग कमी करून देवाला हात जोडतात. मीही जोडले, आणि कधी नव्हे ते काहीतरी मागितलं.

पालघरहून सातपाटीच्या रस्त्याने शिरगाव अगदी जवळ आहे. स्वतःची गाडी नसेल तर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात. आत्याचं घर वाडीत आहे, पुढे पडवी, मागे चिकू आणि नारळ. मी पोचले तेव्हा आत्या तयार होऊन बसलीच होती. गर्द जांभळी साडी.

"पांढऱ्या शेवंतीचा हार उठून दिसायला हवा ना," ती म्हणाली. "फिकट साडीवर दिसत नाय."

काका, म्हणजे तिचे यजमान, झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. ते उठले, अडकित्ता खिशात टाकला आणि म्हणाले, "भिंतीला आधी चुना लावायला झालाय, तो लावा." आणि वाडीत निघून गेले. ही त्यांची सगळी प्रतिक्रिया. गेले पंधरा दिवस ऑपरेशनचा विषय निघाला की ते असेच उठून जातात, असं आत्या म्हणाली.

मग माझी परीक्षा सुरू झाली. आत्याला खुर्चीवर बसवलं, उजेड छान होता, नवा कॅमेरा स्वतःहून डोळा शोधून त्यावर चौकोन ठेवतो, सगळं बेष्ट. पण आत्या! एरवी जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही ती बाई कॅमेऱ्यासमोर दगड झाली. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे वटारलेले. मी भरमसाट फोटो काढले. एकूणएक आधार कार्डाचे भाऊबंद.

आत्याने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "ही तर माझी सासू!"

"जरा हस ना."

"हार घातलेलं माणूस हसत असतं का?"

संध्याकाळी वैतागून किल्ल्यावर गेले. शिरगावचा किल्ला छोटा पण देखणा आहे, बुरुजावरून सूर्यास्त सुरेख दिसतो, आणि आत फांद्या फुटलेली ताडाची झाडं आहेत, ती चुकवू नका. मी त्यांचे फोटो काढले. एकही मनासारखा आला नाही. कडी उलटीच फिरवत होते, आणि मन खुर्चीवरच्या त्या जांभळ्या साडीत अडकलं होतं.

शनिवारी सकाळी पडवीत माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. आत्या वाल सोलत होती. शेवटी तिने हातातली शेंग सुपात आपटली. "मिने, एक तर बस, नायतर भटकून ये. ऑपरेशन माझं हाय का तुझं?"

गेले बोईसर-तारापूरकडे. पालघरहून गाडीने अर्धा-पाऊण तास धरा, बोईसरात शिरल्यावर ट्रकांच्या मागे जाईल तो वेळ वेगळा. कुंभवलीच्या आसपास एका बाजूला घरं नि चिंचेची झाडं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती आणि नाकात शिरणारा औषधी वास. टपरीवर चहा घ्यायला थांबले. कारखान्यांची रात्रपाळी सुटलेली होती, कामगार घोळक्याने चहा पीत उभे होते. वाफ, सकाळचं ऊन, दमलेले चेहरे. मी कॅमेरा उचलला.

घेतल्यापासून कॅमेरा आवाज न करणाऱ्या पद्धतीवर ठेवला होता. व्हिडिओवरच्या सगळ्या गुरुजींनी सांगितलेलं, की आवाज बंद ठेवा, माणसं बुजत नाहीत. मी तरी आधी विचारलं. निळ्या शर्टातला एक उंच गडी खुशीने सरसावून उभा राहिला, दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून. मी फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला. ते तिघे तसेच उभे.

"मॅडम, निकालिए ना," तो ओठ न हलवता म्हणाला.

"निकाला. हो गया."

"आवाज तो आया नहीं."

"आवाज बंद है इसका."

"फिर पता कैसे चलेगा कि हो गया?" आता सगळी टपरी आमच्याकडे बघायला लागली. "आवाज के साथ निकालिए. ऐसे मजा नहीं आता."

झाली का पंचाईत! आवाज कुठून चालू होतो ते मला तरी कुठे ठाऊक? मेनूची पानं उलटत बसले. चहा निवला. पोरं बिचारी खांद्यांवरचे हात न काढता उभी. शेवटी सापडलं. परत तिघे ताठ, श्वास कोंडलेले. खट्!

आणि खट् झाल्या झाल्या तिघेही सैल पडले. निळ्या शर्टवाल्याने हुश्श केलं, मधला खदखदून हसला, तिसऱ्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतका वेळ मी जो फोटो शोधत होते तो समोर होता, आणि मी मूर्खासारखी कॅमेरा खाली घेऊन बसले होते.

पुन्हा काढला. एकदा खट् केलं, कॅमेरा डोळ्यावरून हलवला नाही, आणि ते सैल पडले तसं परत दाबलं. आला! अगदी हवा तसा. मी तिथेच जोरात "अरे व्वा!" म्हणाले, चहावाला दचकला. आत्याही आदल्या दिवशी आवाजाचीच वाट बघत बसली होती. तो कधी आलाच नाही, म्हणून ती कधी सुटलीच नाही.

पुढे तारापूर-चिंचणी केलं, पण खरं सांगते, धड लक्ष नव्हतं. तारापूरच्या किल्ल्यात आता खाजगी वाडी आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. अणुऊर्जा प्रकल्पाच्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही, तशा पाट्या आहेत. चिंचणीचा किनारा लांबलचक, सुरूच्या सावलीत भजी खात तासभर निवांत बसता येतं. मला दहा मिनिटं बसवलं नाही. कडी फिरवण्याची तालीम मात्र केली. लाट जवळ, लाट लांब, जवळ, लांब, बोटांना दिशा पटेपर्यंत. एक आजोबा बराच वेळ बघत होते. "काय हरवलंय का बाय?" म्हणाले.

रात्री आत्याने उकडहंडी केली होती. वाल, रताळी, कोनफळ, सगळं एका मडक्यात शिजवलेलं. डॉक्टरांनी तिला मीठ कमी सांगितलंय, म्हणून सगळ्यांनाच कमी. काका निमूट जेवले. वरून मीठ घ्यायला मी हात लांब केला तर त्यांनी बरणीच पलीकडे सरकवली.

रविवारी सकाळी पडवीत कोवळं ऊन आलं तसं आत्याला पुन्हा बसवलं. तीच जांभळी साडी, तीच ताठ मान. पण आज माझी तयारी होती.

"आत्या, आवाज आला की झालं. मग मोकळी."

"बरं."

खट्! मी कॅमेरा हलवला नाही. आत्याचे खांदे उतरले. मला वाटलं होतं ती हसेल, काहीतरी टोमणा मारेल. तिने पदर मुठीत धरला आणि दाराबाहेर वाडीकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर नुसती भीती होती. लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी. माझं बोट सरावाने दाबलं गेलं.

"मिनू," ती हळूच म्हणाली, "मला लय भीती वाटते गं."

मी कॅमेरा खाली घेतला. ही बाई हाराचा रंग ठरवत होती, साडी निवडत होती, आणि आत हे सगळं दाबून बसली होती.

तेवढ्यात काका आत आले. ते नेहमीसारखे वाडीत गेले नव्हतेच, दाराआड उभे होते. काही न बोलता त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आत्याच्या खुर्चीला खेटून ठेवलं आणि बसले. अंगात मळका बनियन.

"काढ आता," मला म्हणाले.

"अहो, उठा की!" आत्या भडकली. "माझा एकटीचा काढायचाय. आणि हे काय घालून बसलात?"

"काढ गो पोरी."

"अहो, दोघांचा फोटो भिंतीवर लावतात का? एक माणूस जिता असताना? हार कुणाला घालायचा मग?"

"म्हणूनच बसलोय," काका म्हणाले.

आत्या बघतच राहिली त्यांच्याकडे. त्यांनी हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. मी त्यांना असं करताना आयुष्यात बघितलेलं नाही. लग्नकार्यातसुद्धा हे दोघे दोन टोकांना बसतात. मी खट् केलं. आणि मग आत्या हसली. रडतही होती, पण हसली, आणि म्हणाली, "येडा माणूस हाय हा." कडी बरोबर दिशेला फिरली की नाही हे मला तेव्हा कळलंही नाही. घरी येऊन बघितलं, बरोबर फिरली होती.

नंतर मी तिचा एकटीचा काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. काका उठलेच नाहीत. शेवटी आत्याच म्हणाली, "राहू दे, ऊन गेलं."

संध्याकाळी त्या दोघांना मुंबईला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, म्हणून मी दुपारीच निघाले. आत्याने चिकूची पिशवी दिली, काकांनी गाडीच्या काचेवर टकटक करून "सावकाश जा" म्हटलं. तोच रस्ता, पण उलट्या दिशेने चढ जास्त जाणवतो. मोखाड्याला अंधार पडायच्या आत पोचाल असं निघा.

सोमवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. पतसंस्थेत एकाच खातेदाराला दोनदा टोकन दिलं. संध्याकाळी काकांचा फोन आला, "झालं. बरी हाय," एवढंच. मी जिन्यात बसून रडून घेतलं.

लोक विचारतात, नवा कॅमेरा जमला का? थोडा जमला. आता मी माणसांचे फोटो काढताना आवाज चालू ठेवते आणि खट् झाल्यावर थांबते. चिंचणीचे फोटो सगळे पुसले. आत्याचा तो एकटीचा, भीतीचा फोटो माझ्याकडे आहे. माझ्या हातून निघालेला हा सगळ्यात चांगला फोटो, पण तो मी कुणाला दाखवणार नाही.

दहा-बारा दिवसांनी आत्या घरी आली आणि तिने स्वतः फोन केला. आवाज खोल गेलेला, पण हुकूम तोच.

"मिनू, त्या फोटोतून यांना काढलंस का बाजूला? कापता येतं म्हणे कम्प्युटरवर."

मी खरंच बसले होते तो फोटो घेऊन. इकडून कापून बघितला, तिकडून बघितला.

"नाही गं निघत. त्यांचा हात तुझ्या खांद्यावर आहे ना, कुठूनही कापलं तरी बोटं राहतात."

पलीकडे मागे काकांच्या अडकित्त्याचा आवाज येत होता.

"राहू दे मग," आत्या म्हणाली. "मला तरी आता कुठे घाई हाय?"