होकाराचा अभ्यास

इंडोनेशियाहून आलेला तो संशोधक पहिल्यांदा आमच्याकडे जेवला तेव्हा त्यानं अकरा पोळ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो विभागात आलाच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात मी टायपिस्ट होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत आई आणि मी, एवढंच घर. तो जावा बेटावरच्या एका कॉलेजात शिकवायचा आणि शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करायला इकडे आला होता. पस्तिशीचा, ठेंगणा, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारा. गावी बायको आणि चार वर्षांची मुलगी. होस्टेलच्या जेवणानं तो सुकत चालला होता, म्हणून एका रविवारी मी त्याला घरी बोलावलं होतं.

तो आजारी असल्याचं कळलं तशी आई मुगाची खिचडी डब्यात भरून माझ्याबरोबर होस्टेलवर आली. खाटेशी उभी राहून म्हणाली, "काहून गा, पोट भरलं तं सांगाव ना."

मी इंग्रजीत सांगितलं. तो घाईघाईनं उठून बसला. म्हणाला, "वाढणाऱ्याला नाही म्हणणं आमच्याकडे बरं दिसत नाही. ताटात थोडं उरवलं की घरच्या बाई ओळखतात. मी भाजी उरवत होतो. पण ती संपवायला त्या पोळी वाढत होत्या."

आईला हे सांगितल्यावर ती खाटेच्या कडेवर बसून पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं त्याचा हात धरून डब्यावर आडवा ठेवला. "असं करायचं. मंग कोणी वाढत नाही." त्यानं ते एका कार्डावर लिहून घेतलं.

त्याचा विषयच तो होता. माणसं रोजच्या व्यवहारात नाही कसं म्हणतात, आणि हो म्हणतात तेव्हा त्या होचा अर्थ काय. त्याच्या ट्रंकेत गावाकडची शेकडो कार्डं होती, एका कार्डावर एक प्रसंग. शेजाऱ्यानं शिडी मागितली. सासूनं राहायला या म्हटलं. कोण काय बोललं, बोलताना कुठं बघत होतं, हात काय करत होते, सगळं बारीक अक्षरात. तुलनेसाठी त्याला नागपूरचीही थोडी घरं पाहायची होती, आणि मराठी समजावून द्यायला रविवारी मी बरोबर जाऊ लागले. तो विचारायचा, नको असलेलं आमंत्रण आलं तर काय म्हणता? बायका म्हणायच्या, येतो म्हणायचं अन् जायचं नाही. तो मान डोलवायचा. त्यांच्याकडेही तसंच होतं.

"आमचं हो तीन तऱ्हेचं आहे," त्यानं मला एकदा सांगितलं. "एक म्हणजे मला पटलं. दुसरं म्हणजे तुम्हाला दुखवायचं नाही. आणि तिसरं म्हणजे फक्त, तुम्ही बोललात ते ऐकलं."

आई या सगळ्याला हसायची. नाही तर नाही म्हणायचं, त्याले काय कार्ड लिहायचं. तो तिला 'इबू' म्हणायचा. त्यांच्या भाषेत आई. आठवड्यातून दोनदा जेवायला यायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचा आणि तिची कामं बघत राहायचा. तिनं हात केला की जिऱ्याचा डबा पुढं करायचा.

त्या वर्षी माझं आणि आईचं बिनसलेलं होतं. भांडण नव्हतं, आणि तेच जास्त सलत होतं. पावसाळ्यात एक दिवस मी तिला आयुष्यातली एक मोठी गोष्ट सांगितली होती. आमच्याच ऑफिसातला एक जण मला आवडत होता, दोन वर्षं. त्याची जबलपूरला बदली झाली आणि तिथं त्यानं लग्न केलं. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नव्हते. आई माझ्याकडे पाठ करून मेथी निवडत होती. मी भिंतीला टेकून, जमिनीकडे बघत, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "हाव." आमच्याकडे होला हाव म्हणतात. मग थोड्या वेळानं म्हणाली, "वरचा पापडाचा डबा काढून दे वं."

मी डबा काढून दिला. त्यानंतर चार महिने कामापुरतंच बोलत होते. तीही सगळ्याला हाव म्हणत होती. आज उशीर होईल, हाव. उद्या डबा नको, हाव, आणि सकाळी डबा भरून तयार. मला वाटायचं, हिला माझ्या शब्दाची किंमत राहिली नाही.

दिवाळीनंतर तो एकदा कान धरून आला. दुखतोय म्हणाला. दवाखान्यात जायचं, पण एकट्याला भीती वाटते. इबू बरोबर येतील का? मला हसू आलं. पण आईनं लगेच चपला घातल्या. एका सायकलरिक्षात ते दोघं आणि मागच्या रिक्षात मी, असे आम्ही धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं तर तो हलेना. आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "पाह्य, मी बसते आधी. काही होत नाही." आणि बसली. डॉक्टरांनी ठोकला की घुमणारा एक लोखंडी चिमटा तिच्या कानाजवळ धरला. मग दुसऱ्या कानाजवळ. मग तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "आजी, तुमचं गाव कोणतं?"

आई म्हणाली, "हाव."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. चेहऱ्यावर तेच ओळखीचं, समजूतदार हसू.

डावा कान जवळजवळ गेला होता, उजवा अर्धा. बराच काळ हळूहळू उतरत गेलं असणार, डॉक्टर म्हणाले. समोरच्याच्या ओठांवरून त्या बरंच ओळखतात. मग त्याला तपासलं. त्याचे कान ठणठणीत होते.

बाहेर आल्यावर मी आईसमोर उभी राहिले आणि विचारलं, "सांगितलं काहून नाहीस?"

"मले वाटलं लोकंच हळू बोलून राहिले," ती म्हणाली. आणि मग, "तू थकून येत होती हापिसातून. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायले भीड वाटे."

त्यानं मला भीडचा अर्थ विचारला. मला इंग्रजीत नीट सांगता येईना. पण अर्धं सांगून होतंय तोच तो म्हणाला, "हो, आहे. आमच्याकडेही शब्द आहे."

"तुमचा कान दुखत होता का?" मी विचारलं.

"थोडा," तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत बोलला, "समोरून विचारलं तर इबू पुष्कळदा नाही म्हणतात. पाठ असली की फक्त हो म्हणतात. माझ्या कार्डांवर हे सहा वेळा आलं. पण आईला ऐकू येत नाही हे मुलीच्या ध्यानात आलं नाही, असं मुलीला तोंडावर सांगता येत नाही आमच्याकडे."

मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत रडत होते. आईनं माझा हात धरून ठेवला होता. का रडते हे तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. चहा झाल्यावर तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले आणि जबलपूरची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. ती माझ्या तोंडावरून नजर न काढता ऐकत होती. मी पहिल्यांदा हे कधी सांगितलं होतं, तेही सांगितलं.

"मेथी निवडत होती मी?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् मी पापडाचा डबा मागितला?"

मी मान डोलवली. मग तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "चार महिने तू एकटीच घेऊन बसली होती," ती म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही तशाच होतो, स्वयंपाकही राहिला.

तिला ऐकायचं यंत्र मिळालं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी पोलक्यात ठेवायची आणि वायर कानापर्यंत. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आवाजानं ती दचकली आणि तिनं ते काढून ठेवलं. मग संध्याकाळी मी घरी आले की लावायची, मी झोपेपर्यंत. बाहेर कुठं लावत नसे. बायकांच्या गप्पा तिला तशाही समजत होत्या, असं म्हणायची.

पुढल्या वर्षी त्याचा प्रबंध पुरा झाला. सगळा मीच टाईप केला. मे महिन्यात तो मद्रासच्या गाडीनं निघाला. स्टेशनवर आई आली होती. गर्दीचा गोंगाट यंत्रात सहन होईना, म्हणून तिनं कानातलं काढून डबी मुठीत धरली. तो तिच्यासमोर उभा राहून बोलू लागला. इंग्रजी नाही, शिकलेली मोडकी मराठीही नाही. आपल्या भाषेत, हळूहळू, बराच वेळ. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो थांबल्यावर तिनं वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली. लेकराले किती दिवसांनी पाह्यशीन, बायको वाट पाहून राहिली असंन, गाडीत पाणी पित जा. मी मध्ये पडले नाही. गाडी हलली तेव्हा दोघांचंही बोलणं चालू होतं.

काही वर्षं पत्रं आली. त्याची मुलगी शाळेत जायला लागल्याचा फोटो आला, आणि मग पत्रं थांबली, त्याचा पत्ता बदलला असावा. आई त्यानंतर नऊ वर्षं होती. त्या नऊ वर्षांत मी तिच्याशी पाठीमागून कधी बोलले नाही. हातातलं काम ठेवून पुढं जायचं, ती वर बघेपर्यंत थांबायचं, आणि मग बोलायचं.