फुकटवाले काका आणि चौथं पान

आर्णीच्या बसस्टँडवर फुकटवाले काका ज्या तोऱ्यात पेपर वाटत, त्या तोऱ्यात सराफ सोनंही विकत नाहीत. पेपरचं नाव ‘पहिली गाडी’. पानं चार, आठवड्यातून तीन अंक. मालक, संपादक, वार्ताहर, छापणारे आणि वाटणारे एकटे काका. लग्नपत्रिका छापून उरलेल्या वेळात त्यांच्या छापखान्यातून हा पेपर निघे, त्यामुळे लग्नसराईत बातम्या जरा शिळ्या असत आणि त्यांच्या कडेला पत्रिकेचीच वेलबुट्टी असे. अंक हातात ठेवताना काका दटावत, “फुकट हाये, पण वाचा लागते.”

मी नऊच्या बसने रोज यवतमाळला शाळेत शिकवायला जाते. माझी रास कन्या. ‘पहिली गाडी’त कन्या राशीला कायम एकच भविष्य असे : प्रवास टाळा. प्रवाशांसाठी काढलेल्या पेपरात हे छापायला छाती लागते. मी एकदा तक्रार केली, तर काका शांतपणे म्हणाले, “कन्यावाले घरी राह्यले तर बाकीच्यायले जागा भेटन, मॅडम.” हे लोककल्याण बाजूला सारून मी रोज नऊची बस धरत राहिले. हवामानाचा अंदाजही त्यांनी असाच ‘ऊन राहील’ म्हणून छपाईच्या खिळ्यांत एकदाच जुळवून ठेवला होता. आमच्या जिल्ह्यात तो बहुतेक वेळा खराही ठरे.

आमच्याकडे बस लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. पेपर फुकट मिळू लागल्यावर रुमाल मळवणार कोण? सगळे पेपरच टाकू लागले. एका सीटवर तीन-तीन सारखेच अंक, आणि प्रत्येक जण म्हणे माझा आधी पडला. भांडणं काकांच्या कानावर गेली. दुसऱ्या कोणी संपादकाने वाचकांची कानउघाडणी केली असती. काकांनी पुढच्या अंकापासून पेपरच्या नावाशेजारी एक रिकामी चौकट छापली : ‘जागा धरणाऱ्याचे नाव’. तेव्हापासून पहिल्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर वाचकच लिहू लागले.

काकांचा जीव मात्र चौथ्या पानात होता. तिथे त्यांचा अग्रलेख असे. खिडकीतून थुंकणाऱ्यांवर, दोन सीटवर पिशव्या मांडून बसणाऱ्यांवर ते असे काही तुटून पडत की दिल्लीची गादी हललीच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी ते एकेकाला विचारत, चौथं पान वाचलं का? सगळे सांगत, वेळच नाही मिळाला. मीही तेच सांगे. तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतो, असा आमच्याकडे समज आहे. इतकी वर्षं आम्ही काकांना अजिबात बिघडू दिलं नाही. ‘बरं’ म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळत. त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसत असे, आणि तरी मी खरं सांगत नसे.

पुढे दुकानदारांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या आणि शेवटचा अंक शनिवारी निघाला. त्यातही ऊन राहील आणि प्रवास टाळा होतंच. “चला, कागद वाचला,” असं तहसीलचे कारकून काकांच्या देखत म्हणाले. आम्ही हसलो. काकाही हसले.

चौथ्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘सोमवारी नऊच्या गाडीने मी यवतमाळमार्गे कायमचा लेकीकडे मारेगावला चाललो. इथवर कोणी वाचलं असेल, तर माझ्यासाठी एक जागा धरावी. नसेल वाचलं, तर यवतमाळपर्यंत उभा राहीन.’

सोमवारी मी शनिवारचा अंक घेऊन स्टँडवर गेले. चौकटीत ‘काका’ लिहिलं आणि बस लागताच खिडकीतून टाकला. आत चढले तर काय, जवळजवळ प्रत्येक सीटवर ‘पहिली गाडी’, आणि प्रत्येक चौकटीत ‘काका’. माणसं सगळी मधल्या वाटेत उभी, आणि काका कोणाच्या जागेवर बसणार यावरून वाद पेटलेला. सगळ्यात मोठा आवाज तहसीलच्या कारकुनांचा होता. कंडक्टरताई वैतागल्या होत्या, “बाप्पा, एका माणसाले जागा लागते तरी किती?”

तेवढ्यात पेटी घेऊन काका चढले. एकेक चौकट वाचत ते शेवटच्या सीटपर्यंत गेले आणि परत आले.

“म्हंजे वाचत होते तुमी लोकं,” ते म्हणाले. “अन् मले सांगतलं नाही.”

मला शरम वाटली. काकांनी सगळे अंक गोळा केले, आपल्याच हाताने छापलेले, आणि सगळे जागेवर टेकल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर ते हळूच म्हणाले, “मॅडम, तुमची कन्या ना? आज तरी टाळा लागत होता प्रवास.”

मला रडू आवरेना. तोंड लपवायला पेपर शोधला, पण सगळे अंक काका मांडीवर घेऊन बसले होते.